“हिला रंग लावायची गरजच नाही”: आइंडहोवनच्या शाळेतलं एक प्रकरण

२०१६ चा नोव्हेंबर, गुरुवार, दुपारचे सव्वातीन. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या एका प्राथमिक शाळेच्या गेटवर मी उभी आहे, भुरभुर पाऊस चालू, आणि आतून मुलं एकेक करून बाहेर येतायत. इकडे शाळा सुटताना प्रत्येक मूल बाईंशी हात मिळवून बाहेर पडतं, बाईंना युफ म्हणतात. त्या दिवशी युफनी माझ्या मुलाचा हात सोडलाच नाही, मला खुणेने आत बोलावलं. तो तेव्हा सहा वर्षांचा, ग्रूप थ्रीमध्ये, म्हणजे आपली पहिली समजा.

झालं होतं ते असं. सिंटरक्लासचा, म्हणजे इथल्या मुलांचा डिसेंबरातला मोठा सण तोंडावर आलेला, वर्गात पुठ्ठ्याच्या टोप्या आणि त्यावर रंगीत पिसं चिकटवायचं काम चाललेलं. पार्टीला कोण कुठला पीट, म्हणजे सणातल्या संताचा काळा नोकर, होणार हे ठरत होतं आणि कोणाकोणाच्या तोंडाला रंग लावायचा त्याची यादी होत होती. वर्गात एकच मुलगी काळी होती, तिची आई कुरासाव या कॅरिबियन बेटावरची. तिने पण हात वर केला. तर माझा मुलगा तिला म्हणाला, तुला रंग लावायची गरजच नाही, तू आहेसच पीट. सगळा वर्ग हसला, ती पण हसली आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसली ती बराच वेळ बाहेरच येईना.

युफ म्हणाल्या, तो मुद्दाम नाही बोलला, गोड मुलगा आहे, पण तुम्ही घरी बोला. त्या स्वतः पण अवघडलेल्या होत्या कारण भिंतीवर काळ्या तोंडाचे आणि लाल ओठांचे पीट त्यांनीच लावलेले होते.

मी हे प्रकरण एवढं सविस्तर लिहितेय कारण भारतातून इकडे आलेल्या आपल्या लोकांत ही गोष्ट निघाली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, हा गोऱ्या-काळ्यांचा विषय आहे, आपला काय संबंध. मी पण हेच म्हणायचे. आणि मी हे बोलतेय ते माझ्याच मनातलं तपासायला किती वर्षं लागली ते माहीत असून बोलतेय.

ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिंटरक्लास म्हणजे पांढऱ्या दाढीचा, लाल झग्यातला संत, नोव्हेंबरच्या मध्यावर तो स्पेनहून आगबोटीने हॉलंडला येतो. त्या मिरवणुकीला इंटोख्त म्हणतात, टीव्हीवर लाइव्ह दाखवतात, आख्खं गाव रस्त्यावर येतं, आपल्या गणपतीच्या आगमनाची आठवण यावी असं वातावरण. मग ५ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत मुलं रात्री बूट मांडून ठेवतात, घोड्यासाठी आत गाजर ठेवतात, सकाळी बुटात चॉकलेटचं अक्षर नाहीतर पेपरनोटन म्हणून छोटी मसाल्याची बिस्किटं निघतात. दालचिनी-लवंगेचा वास घरभर. आम्ही २०१३ मध्ये इकडे आलो तेव्हा पहिला हिवाळा अक्षरशः अंगावर आलेला, पाच वाजता अंधार, ओळखीचं कोणी नाही, आणि त्या अंधारात हा एक सण होता ज्याने माझ्या मुलाला आपलंसं केलं. म्हणून तो मला जिवापाड आवडायचा, हे आधीच सांगते. जे आवडतं त्याच्यातलंच वाईट बघायला माणूस सगळ्यात उशीर लावतो.

या संताबरोबर त्याचे नोकर असतात, झ्वार्टे पीट, म्हणजे काळा पीट. तेव्हा गोरी माणसं तोंडाला पूर्ण काळा रंग लावायची, ओठ लालभडक, डोक्यावर कुरळ्या काळ्या केसांचा विग, कानात मोठ्या सोनेरी रिंगा, अंगावर जुन्या काळच्या सेवकाचे रंगीबेरंगी कपडे. ते उड्या मारतात, बिस्किटं उधळतात, वेंधळेपणा करतात. पूर्वी पीट मुद्दाम मोडकंतोडकं, सुरिनामी ढंगाचं (सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली डचांची जुनी वसाहत) डच बोलायचा, त्याच्या हातात छडी आणि पोतं असायचं, खोड्या केल्यास तर पोत्यात घालून स्पेनला नेईन. आपल्याकडे बुवा येईल, पोत्यात घालून नेईल म्हणतात तसंच, फक्त इथे त्या बुवाला एका विशिष्ट माणसाचा चेहरा दिलेला.

कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं, अगं तो चिमणीतून खाली उतरतो म्हणून काजळीने काळा झालाय. मी पण हे उत्तर मुलाला दिलंय, किमान दोनदा. चिमणीतून उतरला तर कपडे स्वच्छ कसे राहिले, ओठ कशाने सुजले, काजळीने केस कुरळे होतात का, हे प्रश्न मला सुचले नाहीत. आता वाटतं, सुचले नाहीत असं पण नाही, मी ते मनात येऊ दिले नाहीत.

तर त्या गुरुवारी घरी येताना सायकलच्या मागच्या सीटवर मुलगा गप्प बसलेला, आणि माझ्या डोक्यात त्याचं वाक्य फिरत होतं, पण गंमत म्हणजे, गंमत तरी कसली, ते डचमध्ये फिरत नव्हतं. मराठीत फिरत होतं. आणि आवाज त्याचा नव्हता, आमच्या शाळेतल्या बाईंचा होता.

सांगली, १९९३, मी सातवीत. स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाचा आदिवासी डान्स बसवला होता. ज्यांनी नव्वदीत मराठी शाळेत दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. कोळशाची पूड खोबरेल तेलात कालवायची, एका मोठ्या जर्मनच्या पातेल्यात ते काळं कालवून ठेवलेलं असायचं, आणि बाई आणि दोन-तीन आया मिळून एकेकीला समोर उभं करून तोंडाला, मानेला, हाताला, पायाला फासायच्या. कमरेला अशोकाच्या पानांचा घागरा, सुतळीत ओवलेला. गळ्यात थर्माकोलच्या हाडांची माळ. हातात कळकाचा भाला, टोकाला चांदीचा कागद. आणि मग स्टेजवर झिंगालाला करत गोल गोल नाचायचं, मध्येच अर्थ नसलेल्या किंचाळ्या मारायच्या, पालक लोक हसून लोटपोट. आमच्यातल्या एकीने पण तोवर खरा आदिवासी माणूस जवळून पाहिलेला नव्हता. वारली काय, भिल्ल काय, गोंड काय, कोणीच असं दिसत नाही, असं नाचत नाही, हे सांगणारं कोणी नव्हतं. मुळात ते सगळं सोंग आदिवासींचं पण नव्हतंच, सिनेमातून आलेलं, कुठल्यातरी कल्पनेतल्या आफ्रिकेचं होतं.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, वर्गात सगळ्यात काळी. एरवी गॅदरिंगला तिला मागच्या रांगेत उभं करायचे, कोळीनृत्य असो नाहीतर गौळण, पुढे आम्ही गोऱ्या-गव्हाळ. त्या वर्षी ती पुढे होती. पातेलं घेऊन बाई तिच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, “हिला रंग लावायची गरजच नाही, चला, वेळ वाचला.” सगळ्या हसल्या. मी हसले. ती पण हसली.

तेवीस वर्षांनी माझा मुलगा सात हजार किलोमीटरवर, वेगळ्या भाषेत, तेच वाक्य बोलला, शब्दाला शब्द. मी त्याला ते शिकवलेलं नव्हतं. पण २०१४ च्या डिसेंबरमध्ये, तो चार वर्षांचा असताना, बाथरूमच्या आरशासमोर स्टुलावर उभं करून त्याच्या तोंडाला काळा रंग मीच लावलेला होता. दुकानातून डबी आणलेली, बरोबर छोटा स्पंज. नाकाच्या कडेला रंग नीट बसत नव्हता म्हणून बोटाने लावला. माझ्याच लिपस्टिकने ओठ रंगवले. मग फोटो काढला आणि सासर-माहेरच्या ग्रुपवर टाकला. काय काय आलं त्याच्यावर! आमचा हबशी. कालिया. नजर लागायला नको, तीट लावायची सोय झाली. मी सगळ्यांना हसण्याचे इमोजी पाठवले.

तेव्हा हबशी हा शब्द कुठून आला याचा मी विचार केला नव्हता. हबश म्हणजे इथिओपियाचा भाग, तिथून आणलेले ते हबशी. आणि आपल्या महाराष्ट्रात हा काही अनोळखी माणूस नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हबशीच, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे मोगलांना वर्षानुवर्षं दख्खनमध्ये जेरीस आणणारा, १६२६ मध्ये वारला. जंजिऱ्याचे सिद्दी पण तेच. शाळेत आपण हे शिकतो, परीक्षेत लिहितो, आणि घरी हबशासारखा काळा म्हणताना दोन्हीची गाठ पडत नाही.

आता मुख्य भाग. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर मी त्या मुलीच्या आईला गाठलं. मला माफी मागायची होती, खरंच मागायची होती, रात्रभर झोप नव्हती. आणि मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते कारण चूक तिथेच आहे. मी म्हणाले, सॉरी, तो लहान आहे, त्याच्या मनात तसं काही नव्हतं. आणि पुढे म्हणाले, आम्ही स्वतः ब्राऊन आहोत, आमच्या घरी असलं काही नसतं, आम्हाला पण इकडे हे सगळं सोसावं लागतं. ती शांतपणे ऐकत होती, हातात सायकलचं हँडल, पुढच्या सीटवर धाकटं मूल. मग म्हणाली, तो लहान आहे हे मला दिसतंय. तो हे कुठून शिकला ते मला दिसत नाही, ते तुला दिसेल. आणि सायकलवर टांग मारून निघून गेली. आवाज चढवला नाही, काही नाही.

मला राग आला. हे पण लिहायलाच हवं. माफी मागायला गेले तर असं बोलते, असं वाटलं, नवऱ्याला फोन करून तेच सांगितलं, आणि तो म्हणाला जाऊ दे, ती लोकं जरा तापटच असतात. ती लोकं. मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर पाच-दहा मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला की ती तर एक शब्द वर बोलली नव्हती, तापले होते ते आम्ही.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते मुख्यतः वाचन आणि एका आजींशी बोलणं. आजी आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या, सुरिनामच्या हिंदुस्तानी, म्हणजे भारतातून तिकडे नेलेल्यांच्या वंशातल्या, त्यांच्या सरनामी बोलीतलं निम्मं मला हिंदीच्या जोरावर कळायचं, उरलेलं डचमध्ये. त्यांनी मला जे सांगितलं त्याने हा विषय माझ्यासाठी परका राहिला नाही. डचांनी ६ लाखांहून जास्त आफ्रिकी माणसं अटलांटिकपार नेली. सुरिनाम आणि अँटिल्समध्ये, म्हणजे कुरासावसारख्या डच कॅरिबियन बेटांवर, गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १ जुलै १८६३ ला. भरपाई मिळाली ती मालकांना, सुरिनाममध्ये माणशी ३०० गिल्डर, सुटलेल्या माणसाला एक दमडी नाही. वर सुरिनाममधल्या बहुतेकांना आणखी १० वर्षं मळ्यांवर सक्तीने राबावं लागलं, म्हणजे खरी सुटका १८७३ ला. आणि त्याच १८७३ च्या जूनमध्ये लल्ला रूख नावाचं जहाज कलकत्त्याहून पहिले हिंदुस्तानी गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, घेऊन सुरिनामच्या राजधानीला, पारामारिबोला लागलं. तारखा बघा जरा. काळा मजूर सुटणार म्हणून त्याच्या जागेवर आपला माणूस आणला. १९१६ पर्यंत असे ३४ हजारांच्या वर लोक आणले. आजींचे पूर्वज त्यातलेच. आजी म्हणाल्या, आमच्या लोकांनी तिथे उतरल्यावर सगळ्यात आधी काय शिकलं असेल तर काळ्यांना कमी लेखायला, आमच्यात त्यांच्यासाठी असे शब्द आहेत की तुला सांगणार नाही, आणि ते शब्द माझ्या तोंडात चाळीस वर्षं होते.

झ्वार्टे पीटचा जन्म याच काळातला. यान स्केंकमान म्हणून अॅमस्टरडॅमचे एक शाळामास्तर होते, त्यांनी १८५० मध्ये मुलांसाठी सेंट निकोलसचं सचित्र पुस्तक काढलं, त्यात संताच्या बरोबर पहिल्यांदा काळा नोकर आला, आगबोट पण त्यातच आली. म्हणजे सुरिनामच्या मळ्यांवर अजून गुलाम राबत होते आणि इकडे मुलांच्या पुस्तकात त्याचं गोंडस चित्र निघत होतं. आणि त्याच्याच आगेमागे समुद्रापलीकडे अमेरिकेत ब्लॅकफेसचा, म्हणजे गोऱ्यांनी तोंड काळं करून काळ्यांचं सोंग करण्याचा, धंदा जोरात होता. थॉमस राइस नावाचा गोरा नट जळक्या कॉर्कची काजळी तोंडाला लावून, फाटके कपडे घालून, लंगडत नाचत जिम क्रो नावाचं पात्र करायचा, १८३० च्या दशकात तो एवढा गाजला की १८३६ मध्ये लंडनला जाऊन खेळ केले. १८४३ मध्ये न्यूयॉर्कला चौघांनी मिळून पूर्ण मिनस्ट्रेल शो उभा केला. आळशी, चोरटा, सदा हसरा, मोडकं इंग्रजी बोलणारा काळा माणूस, गोऱ्याने रंगवलेला, गोऱ्यांसाठी. पुढे दक्षिणेतल्या राज्यांत काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना नाव पडलं ते याच जिम क्रोचं. नाटकातल्या सोंगाचं नाव कायद्याला! आणि हे काही फार जुनं नाही, ब्रिटनमध्ये बीबीसीवर असला मिनस्ट्रेल कार्यक्रम १९५८ ते १९७८, वीस वर्षं, घराघरात बघितला जायचा.

वाचताना मला सगळ्यात लागलं ते बर्ट विल्यम्सचं. बहामात जन्मलेला, स्वतः काळा, अत्यंत गुणी विनोदी नट, १९१० पासून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या सगळ्यात मोठ्या रिव्ह्यूमध्ये, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या खेळात, गोऱ्या नटांच्या बरोबरीने काम करणारा. आणि त्याला पण स्टेजवर जाताना तोंडाला कॉर्क फासावा लागायचा. लोकांना काळा माणूस बघायचा नव्हताच, त्यांना त्यांनी काढलेलं काळ्या माणसाचं चित्र बघायचं होतं.

हे वाचलं त्या रात्री मी आमच्या शाळेच्या ग्रुपवरून त्या वर्गमैत्रिणीचा नंबर काढला. ती आता साताऱ्यात असते, बँकेत आहे. दहा मिनिटं इकडचं-तिकडचं बोलून मी विषय काढला, म्हटलं, तुला आठवतं का, बाई असं असं म्हणाल्या होत्या आणि आम्ही हसलो होतो. ती म्हणाली, आठवतं ना. मग थोडं थांबून म्हणाली, “त्याच्यानंतरचं तुला आठवत नाही वाटतं. मी बाईंच्या मागे लागले होते, मला पण लावा म्हणून. सगळ्यांना लावताय मग मला का नाही. शेवटी रडायला लागले तेव्हा एका काकूंनी गालावर दोन बोटं ओढली.” मला यातलं काहीच आठवत नव्हतं, आजही नाही. मी विचारलं, तुला का लावून घ्यायचं होतं? ती म्हणाली, “तुम्ही सगळ्या दुसऱ्या दिवशी धुऊन आलात ना. मला पण धुऊन यायचं होतं.”

मला आठवतं की आमच्या कानामागे तो रंग दोन दिवस राहिला होता, बेसन लावून घासला तरी. तेवढंच आठवतं.

इथे मला एका सार्वजनिक माणसाचं उदाहरण घ्यायचंय, कारण तेच वाक्य त्याच्या तोंडी पण आहे. मार्क रुटं, त्या वेळचे डच पंतप्रधान. २०१४ मध्ये त्यांना पत्रकारांनी झ्वार्टे पीटबद्दल विचारलं तेव्हा ते जे बोलले त्याचा आशय असा की अँटिल्समधले माझे मित्र सिंटरक्लासला खूश असतात कारण त्यांना तोंड रंगवावं लागत नाही, मी पीट झालो की मला मात्र तो रंग काढायला दिवसच्या दिवस लागतात. हसत हसत बोलले. सांगलीच्या बाई, देशाचा पंतप्रधान, सहा वर्षांचा मुलगा, तिघांना एकमेकांची नावं माहीत नाहीत आणि विनोद एकच. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. एखाद्याच्या तोंडाचं सोंग केलं की तो स्वतः समोर उभा राहिल्यावर दुसरं काही सुचतच नाही, तो कायमचा सोंगात दिसायला लागतो. रंगाचं खरं काम ते आहे. म्हणून रंग लावणाऱ्याच्या मनात काय होतं हा प्रश्न मला आता फार महत्त्वाचा वाटत नाही, माझ्या मनात तर त्या दिवशी निव्वळ लाड होते.

हेच रुटं जून २०२० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसाकडून झालेल्या खुनानंतर जगभर मोर्चे निघत होते तेव्हा, संसदेत म्हणाले की या बाबतीत माझं मत खूप बदललंय, काळ्या मुलांशी बोललो, त्यांना या सणात किती वाईट वाटतं ते त्यांनी सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी सरकारच्या वतीने गुलामगिरीबद्दल माफी मागितली, १ जुलै २०२३ ला राजाने. सहा वर्षं एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर यायला लागली. मी त्यांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये, मला पण वेळ लागलाच की.

पण तो बदल आपोआप झाला नाही हे लक्षात ठेवायला हवं, कारण आपल्यात लगेच म्हणतात, बघा, डच लोक किती समजूतदार. २०११ मध्ये डॉर्ड्रेख्टच्या मिरवणुकीत क्विन्सी गॅरिओ आणि जेरी आफ्रियी हे दोघं झ्वार्टे पीट हा वंशवाद आहे असं लिहिलेले टीशर्ट घालून उभे राहिले, म्हणून पोलिसांनी त्यांना फरफटत नेऊन अटक केली. २०१३ मध्ये पीटच्या बाजूने काढलेल्या फेसबुक पेजला बघता बघता २० लाखांवर लाइक्स पडले. २०१४ ला खाउडाच्या मिरवणुकीत ९० जणांना पकडलं. २०१७ मध्ये डोकुमला निदर्शनं करायला निघालेल्या बस हायवेवर गाड्या आडव्या घालून अडवल्या, अडवणाऱ्यांना पुढे कोर्टात शिक्षा झाली. आणि २०१८ ला आमच्याच आइंडहोवनमध्ये मूठभर निदर्शकांना मोठ्या जमावाने घेरलं, अंडी आणि बिअरचे कॅन फेकले. आम्ही घरी होतो, रात्री बातम्यांत बघितलं. ज्या चौकात आपण भाजी घेऊन जातो तिथे हे. मध्ये २०१६ च्या सप्टेंबरअखेर, आमच्या प्रकरणाच्या दीडेक महिना आधी, देशाच्या बाल-लोकपाल बाईंनी सांगितलं होतं की झ्वार्टे पीटमुळे मुलांच्या हक्कांचा भंग होऊ शकतो, काळ्या मुलांना डिसेंबर जवळ आला की शाळेत जास्त चिडवलं जातं. मी ती बातमी तेव्हा वाचली होती. वाचून म्हणाले होते, लोक किती बाऊ करतात.

तीन आठवड्यांनी मी परत त्या आईकडे गेले. या वेळी लहान आहे, ब्राऊन आहोत, मनात नव्हतं, यातलं काही नाही. म्हटलं, तू विचारलंस कुठून शिकला, तर माझ्याकडून, मी त्याला दोन वर्षांपूर्वी रंग लावला होता आणि हसले होते. तुझ्या मुलीला माझ्यामुळे त्रास झाला. ती थँक यू म्हणाली. बस. आमची मैत्री वगैरे झाली नाही, गेटवर दिसलो की मान हलवायचो, दीड वर्षाने ते लोक रॉटरडॅमला गेले. ते बरोबरच आहे, माझ्या माफीच्या बदल्यात तिने मला काही द्यावं असं नव्हतं.

शाळेचं म्हणाल तर मी आणि आणखी तीन पालकांनी पत्र दिलं. पहिल्या वर्षी उत्तर आलं की परंपरा आहे, बघू. दुसऱ्या वर्षी रंगीत ठिपके. नंतर गालावर फक्त काजळीचे ओरखडे, त्याला रूटवेखपीट म्हणतात, २०१९ ला आपेलडोर्नच्या राष्ट्रीय मिरवणुकीत सगळेच तसे आले. मुलांना कणभर फरक पडला नाही, बिस्किटं तीच, गाणी तीच. चिडचिड मोठ्यांची होती.

आपल्या मंडळात मात्र वेळ लागला. गणेशोत्सवात मुलांचा आफ्रिकन डान्स बसवायचा घाट घातला होता एका वर्षी, तोंडाला रंग, गवताचे घागरे, सगळं. मी बैठकीत बोलले तर एक काका म्हणाले, तुम्ही इकडे राहून फार इकडच्या झालात, आपल्याकडे असं काही नव्हतं, आपल्याला काळ्यांचा कसला राग. खरंय, राग नाही. पण फेअरनेस क्रीमच्या ट्यूबवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या, २०२० मध्ये कंपनीने नावातलं फेअर काढलं तेवढंच. स्थळाच्या जाहिरातीत गोरी, सडपातळ. मालिकेत नायिका सावळी असली तर सावळी नटी घेत नाहीत, गोरीला रंग लावतात. २०१३ ला गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला आणि त्यानंतर तिथला एक मंत्री नायजेरियन लोकांना कॅन्सर म्हणाला, मग माफी मागितली. राग नसताना एवढं होतं. मी त्या बैठकीत यातलं फारसं नीट मांडू शकले नाही, मी फक्त साताऱ्याच्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली. डान्स झाला, रंग लावला नाही. काका अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

आणि मुलगा. त्याला तेव्हा ओरडले नव्हते, पण दोन दिवसांनी बसवून सांगितलं की तू जे बोललास ते तिला लागलं, आणि त्यात चूक आईची होती. त्याने विचारलं, मग मी तिला काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, तिला टोपीला कुठल्या रंगाचं पीस हवंय ते विचारायचं.

तो २०१४ चा फोटो अजून फॅमिली ग्रुपवर फिरतो. दर डिसेंबरला कोणीतरी वर काढतं, बघा किती गोड होता. बरीच वर्षं मी गप्प बसायचे, मोठ्यांना काय शिकवायचं. मागच्या डिसेंबरमध्ये मात्र मी लिहिलं, मोबाईलवर तीन स्क्रीन भरतील एवढं, वर जे लिहिलंय त्यातलं बरंचसं, सांगलीचं, शाळेचं, हबशी शब्दाचं. शेवटी विनंती केली की हा फोटो परत टाकू नका. कोणीच उत्तर दिलं नाही. दोन तास निळ्या टिकांशिवाय काही नाही, मग कोणीतरी गुड नाइटचं फूल टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, त्या मेसेज वाचत नाहीत, नातीने वाचून दाखवला होता. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी आधी थंडी किती आहे विचारलं, मग म्हणाल्या, “अगं, ती पोर बाथरूममध्ये जाऊन बसली होती म्हणालीस ना. मग तिनं त्या दिवशी डबा खाल्ला का गं?”

मी म्हटलं, माहीत नाही आई, मी विचारलंच नाही कधी.